पंपवाली, रंगवाली आणि सिंधूकाकींची सही

शेअरच्या धंद्यात काय कमावलंस, असं मला कुणी विचारलं तर मी खरं सांगतो. दलाली थोडी, शिव्या पुष्कळ आणि किस्से पोतंभर! बाकीचं येतं नि जातं, किस्से मात्र साठतच राहतात.

कोरेगावात एसटी स्टँडजवळ, खताच्या दुकानाच्या माडीवर माझं सब-ब्रोकरचं ऑफिस होतं. एक टेबल, एक टीव्ही, प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या आणि एक फळा. आता जो तो मोबाईलवर घेतो नि मोबाईलवर विकतो. म्हणून मी ते मध्यंतरी बंद केलं. खुर्च्या कुणी कुणी नेल्या. फळा तेवढा मी घरी आणला. बायको म्हणाली, "हा कशाला? लावायचा कुठं?" तो अजून जिन्याखाली उभा आहे, आणि येता-जाता बघितला की मला ती माणसं आठवतात. फार आठवतात.

नियमानं येणारे तिघे. पहिले सुभेदार नाना. फौजेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बाजार उघडायच्या आधी पाच मिनिटं खुर्चीत हजर. दुसरे कांबळे सर, हायस्कूलचे गणिताचे निवृत्त शिक्षक. फळा त्यांच्या ताब्यात. कुठल्या कंपनीनं किती डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, जाहीर केला, कुठल्या तारखेला मिळणार, हे सगळं ते सुंदर अक्षरात लिहून ठेवायचे. तिसरे दादा माने, खालच्या खताच्या दुकानाचे मालक. गिऱ्हाईक खाली हाका मारतंय आणि दादा वर भाव बघत बसलेत, हे रोजचं.

आणि अधूनमधून यायच्या त्या सिंधूकाकी, नानांच्या मंडळी. त्या जिना चढायला लागल्या की नाना टीव्हीचा आवाज वाढवायचे.

काकींचं काम एकच असायचं. नाना फौजेत असताना एकदा सुट्टीवर आले, तेव्हा सांगलीकडच्या एका पंपांच्या कंपनीचे शेअर त्यांनी काकींच्या नावावर घेतले होते. कागदी शेअर. ट्रंकेत पडल्या पडल्या बोनसवर बोनस लागून ते बरेच वाढले. आता काकींना त्यातले थोडे विकून घराच्या पुढच्या खोलीत मिरची-मसाल्याचं कांडप यंत्र टाकायचं होतं. स्वतःच्या पैशानं. मुलगा पैसे द्यायला तयार होता, नानांची पेन्शन होती, पण काकी म्हणायच्या, "मला कुनाचं नगं. माज्या नावावर हायत न्हवं? मग माजं मशीन माज्या पैशाचं!"

अडचण एवढीच, की कागदी शेअर हल्ली विकता येत नाहीत. आधी ते कंपनीच्या मुंबईतल्या रजिस्ट्रारकडं पाठवून डिमॅट करून घ्यावे लागतात, म्हणजे कागद देऊन कॉम्प्युटरवर नोंद. काम साधं. पण नाना तो विषय निघाला की टाळायचे. भाव पडलेला असला तर म्हणायचे, "पडल्यावर कुनी विकतं का?" चढत असला तर, "चढतीय की, आत्ता कशाला?"

एकदा काकींनी खुर्ची ओढली आणि थेट मलाच विचारलं, "विलासराव, पडल्यावर विकायचं न्हाई, चढताना विकायचं न्हाई. मग विकायचं कवा?"

मी नानांकडं बघितलं. नाना टीव्हीकडं बघत होते. टीव्हीवर जाहिरात चालू होती!

* * *

आमच्या ऑफिसात कंपनीचं नाव घ्यायला बंदी होती. हा दादा मानेंचा कायदा. नाव घेतलं की नजर लागते आणि भाव पडतो, अशी त्यांची पक्की समजूत. म्हणून कंपनी जे बनवते त्यावरून बोलायचं. पंपवाली, रंगवाली, बिस्कीटवाली, टायरवाली. नवीन माणूस ऑफिसात आला की त्याला वाटायचं, हे बाजाराला आलेल्या बायकांबद्दल बोलतायत.

एकदा नाना बोलता बोलता चुकले आणि रंगवालीचं नाव त्यांनी अख्खं घेतलं. लिमिटेडसकट! नेमका त्या दिवशी सगळाच बाजार कोसळला. रंगवालीही आपटली. दादांनी नानांशी बोलणं टाकलं. चार दिवस एकाच माडीवर बसून दादा मला सांगायचे, "विलासराव, नानांना सांगा, च्या गार व्हायलाय."

पाचव्या दिवशी दादा आपणहून नानांच्या शेजारी येऊन बसले. म्हटलं, चला, मिटलं. दादा इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "नाना, राग सोडा. एक काम हुतं. टायरवाली लय चढलीय. मला घ्यायचीय, पर परवडत न्हाई."

"मग मी काय करू?"

"जरा तिचं नाव घ्या की!"

* * *

दुसरा कायदा नानांचा. ज्याचा डिव्हिडंड येईल त्यानं सगळ्यांना भडंग द्यायचं. सांगलीचंच भडंग, आणि वर कांदा-लिंबू.

या कायद्यात मारले गेले कांबळे सर. सरांकडं चाळीसेक कंपन्यांचे शेअर होते, पण प्रत्येकी एक! हो, एकेकच. त्यांना कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायची भारी हौस. एक शेअर असला तरी अहवाल घरी यायचाच. लोक पेपर वाचतात तसे सर ताळेबंद वाचायचे, पेन्सिलीनं खुणा करत. चूक सापडली तर कंपनीला पत्र लिहायचे आणि खाली 'आपला भागधारक' अशी सही ठोकायचे.

पण शेअर एक असला तरी डिव्हिडंड येतोच. बँकेत दोन रुपये जमा झाले की सरांना आठ जणांचं भडंग! (डिव्हिडंडच्या दिवशी खालचे हमालही वर यायचे.) सरांनी फळ्यावर गणित मांडून सिद्ध केलं, की जितका डिव्हिडंड चांगला तितके ते खड्ड्यात. नियम शिथिल करावा असा लेखी अर्जही त्यांनी नानांना दिला. नानांनी तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "सर, पलटनीत एकाला सूट दिली की समदी पलटन सूट मागती. अर्ज नामंजूर!"

मग एका दुपारी सर पेढ्यांचा पुडा घेऊन जिना चढले. चेहरा नुसता फुललेला. आम्हाला वाटलं, नातू झाला.

"कसले पेढे, सर?"

"घ्या हो, घ्या! बिस्कीटवालीनं यंदा डिव्हिडंडच दिला नाही!"

* * *

कंपनीची वार्षिक सभा आता घरबसल्या स्क्रीनवर होते. कोण आलं, कोण गेलं, कळत नाही. पूर्वी पंपवालीची सभा कारखान्याच्या शेडमध्ये मांडव घालून व्हायची. आम्ही चौघं नि काकी एकदा दादांच्या जीपमधून गेलो होतो. काकी पुढं दादांच्या शेजारी, नवीन इरकल नेसून. नाना मागं आमच्यात, मांडीवर फाईल.

फाईलमध्ये प्रश्न होते. अध्यक्षांना काय काय विचारायचं, हे नानांनी आठवडाभर लिहून काढलं होतं. गेटवरच्या माणसानं पास बघितला आणि काकींना हात जोडून आत सोडलं. नानांना अडवलं.

"तुमचा पास?"

"मी त्यांचा मालक!"

"ते घरात, काका. हितं मालक त्या. शेअर त्यांच्या नावावर हायत."

सुभेदार माणूस, गेटवरचा हुकूम मोडणार कसा! फाईल काकींच्या हातात देऊन नाना दोन तास दादांबरोबर ड्रायव्हर लोकांत चिंचेखाली बसले. सर आणि मी एकेका शेअरच्या जोरावर आत गेलो होतो, त्यामुळं पुढचं मी डोळ्यांनी बघितलंय. काकींनी फाईल उघडलीसुद्धा नाही. माईक हातात घेतला आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "सायेब, डिव्हिडंड गेल्या साली दिला तेवडाच ह्या साली. मग ह्यो हारतुऱ्यांचा खर्च कुनाच्या पैशातनं?"

मांडवात टाळ्या! अध्यक्षांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

बाहेर आल्यावर काकींनी फाईल नानांना परत दिली, आणि वर खाऊचं पाकीट. त्यात एक वडा नि एक लाडू होता. "अर्धं तुमचं," त्या म्हणाल्या. "फाईलीचं म्हून."

* * *

पंपवालीचं पुढं काय होणार, यावर आमच्यात रोज वाद व्हायचा. सर ताळेबंद दाखवायचे. दादा भावाचे तक्ते बघायचे. नानांना दोन्ही पटत नसे. "कागदावर काय बी लिवत्यात. जाग्यावर जाऊन रेकी केल्याशिवाय काय कळत न्हाई."

आणि गेले! भाकरी बांधून घेतली, पहाटेची एसटी पकडली आणि सांगलीकडच्या त्या एमआयडीसीत कारखान्यासमोरच्या टपरीवर दिवसभर बसले. असं सलग तीन दिवस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसात येऊन वहीतून रिपोर्ट वाचला. "पैल्या दिवशी अकरा ट्रक. दुसऱ्या दिवशी चौदा. आज एकोनीस. समदे भरल्याले, वरनं ताडपत्री. माल नुसता पळतोय!"

दादांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच पंपवालीचे शेअर उचलले, मोठ्या हौसेनं. मीही थोडे घेतले, खोटं कशाला सांगू!

पंधरा दिवसांनी बातमी आली. पंपवालीनं तिथलं युनिट बंद केलं होतं आणि सगळी मशिनरी गुजरातेत हलवली होती. ते ट्रक पंपांचे नव्हतेच. अख्खा कारखाना ताडपत्रीखालून चालला होता!

भाव असा आपटला की दादा खाली दुकानात जाऊन बसले. युरियाच्या पोत्यावर, डोकं धरून. नाना समजूत घालायला खाली उतरले. दादा उसळलेच, "नाना, आवं ट्रकात काय हाय ते तरी बघायचं!"

नाना शांतपणे म्हणाले, "मी ट्रक मोजायला गेल्तो. आत बघायचा हुकूम न्हवता."

* * *

वर्षा-दीड वर्षात पंपवाली सावरली. नवा कारखाना चालला, भाव पहिल्याच्याही वर गेला. आता मात्र काकींनी ऐकलं नाही. एका सोमवारी ट्रंकेतले कागद पिशवीत घालून त्या एकट्याच जिना चढल्या आणि माझ्यासमोर फॉर्म भरून सही केली. काय सही होती! ठसठशीत, वळणदार, नाव-आडनावासकट.

ते अक्षर कांबळे सरांची देणगी. सर नोकरीला नवीन लागले तेव्हा शाळेत संध्याकाळी बायकांचा साक्षरतेचा वर्ग घ्यायचे. काकी त्यांच्या पहिल्या तुकडीतल्या. पाटीवर 'सिंधू' गिरवण्यापासून सुरुवात करून पुढं त्यांनी महिला मंडळाचं इतिवृत्त वर्षानुवर्षं लिहिलं. सर अजून सांगतात, "माझ्या हाताखालून हजारांनी मुलं गेली, पण अक्षर म्हणाल तर सिंधूताईंचं!"

महिन्याभरात मुंबईहून सगळे कागद परत आले. वर शेरा, 'सही जुळत नाही.' सोबत जुन्या अर्जावरच्या सहीची झेरॉक्स. ती सही म्हणजे नुसती वेडीवाकडी. 'सिं' एकीकडं, 'धू' दुसरीकडं, वरची रेघ निम्म्यातच संपलेली. ती जुळल्याशिवाय डिमॅट नाही, डिमॅट नाही तर विक्री नाही, आणि विक्री नाही तर कांडप यंत्र नाही.

सर म्हणाले, "सोपं आहे. शिकत असताना केलेली सही दिसतेय. ताई, आता पुन्हा तशीच करायला शिका."

इतक्या वर्षांपूर्वी कुठं कुठं सही केली, ते काकींना कुठलं आठवायला! मग रोज दुपारी ऑफिसात वर्ग सुरू झाला. सर फळ्यावर ती वाकडी सही मोठी करून काढायचे आणि काकी वहीत उतरवायच्या. रोज पन्नास. पण हात काही वाकडा चालेना! वरची रेघ आपोआप सरळ जायची. 'धू' गुमान 'सिं'च्या शेजारी येऊन बसायचा. सर लाल शाईनं खूण करायचे, "फार सुबक आली. पुन्हा!" असं म्हणताना त्यांचाच जीव खालीवर व्हायचा. आयुष्यभर शिकवलं त्याच्या उलटं शिकवत होते ते.

दहाव्या दिवशी काकींनी पेन खाली ठेवलं. "सर, चांगलं लिवायला शिकवाया तुमी सा म्हैनं घेतलं. वंगाळ शिकवाया किती घेनार?"

सगळे हसलो. एक नाना सोडून. गेले दहा दिवस ते हसले नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

* * *

ती वही भरली, दुसरी वही काढली, त्या दिवशीची गोष्ट. काकींची बोटं दुखायला लागली होती. त्या एक सही करायच्या, बोटं चोळायच्या, पुन्हा एक करायच्या. टीव्हीवर पंपवाली चढून हिरवी चमकत होती. नाना एकदम उठले आणि त्यांनी वहीवर हात ठेवला.

"बास कर. ती सही तुजी न्हाई. माजी हाय."

दादांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

नाना उभ्यानंच बोलत होते. कुणाकडं न बघता. "सुट्टीवर आल्तो. दोन दिवस उरलं हुतं. फारमवर हिची सही पायजे हुती. तवा हिला येत न्हवती. कारकून म्हनला, अंगठा लावा, चालतंय. मला न्हाई पटलं. पैल्यांदाच कायतरी हिच्या नावावर घेत हुतो. त्याच्यावर अंगठा नगं वाटला मला. डाव्या हातानं केली, माज्या अक्षरावानी दिसू नये म्हून."

म्हणून नाना तीन वर्षं 'भाव पडतोय', 'भाव चढतोय' म्हणत टाळत होते! सर फळा पुसायला लागले.

काकींनी पेनाला टोपण लावलं. वही मिटली. पिशवी उचलली. "शेअर माजं," त्या म्हणाल्या, "आन सही तुमची?" आणि जिना उतरून गेल्या.

नाना दुसऱ्या दिवशी आले ते इस्त्री न केलेल्या शर्टात. मी विचारलं, "काकी काय म्हणतायत?" म्हणाले, "घरात रेडिओ सायलेन्स हाय."

सर आणि मी मिळून नियम चाळले. एक वाट सापडली. सही जुळत नसेल तर ज्या बँकेत खातं आहे तिथल्या मॅनेजरसमोर आताची सही करायची आणि मॅनेजरनं ती ओळखून शिक्का द्यायचा. मी काकींना निरोप पाठवला. त्या ठरल्या वेळी बँकेत आल्या. नानाही आले, पण दोन खुर्च्या सोडून बसले. चार दिवस झाले होते, काकींनी त्यांच्याशी एक शब्द काढला नव्हता.

मॅनेजर मॅडम नवीन होत्या, वयानं लहान आणि वागायला नम्र. त्यांनी काकींची सही घेतली, तिच्याकडं बघून, "किती सुरेख!" असं म्हणाल्या. मग मुंबईहून आलेली ती झेरॉक्स शेजारी ठेवली. दोन्हीकडं बघितलं. पुन्हा बघितलं.

"आजी, राग मानू नका, मला विचारावं लागतं. ही जुनी सही तुमचीच ना? एकाच माणसाच्या वाटत नाहीत."

याची तयारी आम्ही कुणीच केली नव्हती. खरं सांगावं तर नाना अडकणार, शेअर अडकणार, सगळंच अडकणार. मी तोंड उघडायच्या आत मागं खुर्ची वाजली. नाना उभे राहिले होते. हात मांड्यांना चिकटवून, सावधान.

काकींनी चष्मा लावला. झेरॉक्स हातात घेतली. तो तुटका 'सिं', तो लांब पडलेला 'धू', ती निम्म्यातच संपलेली रेघ, सगळ्यावरून त्यांनी हळूहळू बोट फिरवलं.

"माजीच हाय," त्या म्हणाल्या. "तवा मला लिवता येत न्हवतं."

मॅडमनी शिक्का मारला. नाना अजून तसेच सावधानमध्ये उभे होते. काकींनी मान न वळवता शेजारची खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या,

"बसा आता."